मुंबईच्या गरीब मुस्लिम महिला आणि डॉ. लुसी विल्स

दवाखान्यात गरोदर बाईला फॉलिक ॲसिडची गोळी देतात. या औषधाचा पहिला माग लागला तो मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत. आणि तो लागला गरीब मुस्लिम महिलांच्या ताटात काय नाही हे बघून. आपल्या घरांत हे फारसं कुणाला माहीत नाही. माग काढणाऱ्या होत्या डॉ. लुसी विल्स.

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्ड इथे झाला. केंब्रिजला वनस्पतीशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. परीक्षा पास झाल्या, पण तेव्हा केंब्रिज विद्यापीठ मुलींना पदवीच देत नसे! पहिल्या महायुद्धात केपटाउनला रुग्णांची सेवा केली. मग लंडनच्या महिलांच्या मेडिकल कॉलेजातून १९२० मध्ये डॉक्टर झाल्या.

१९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी चालवली होती, तिच्यात विल्स यांना काम मिळालं. कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणात एक विचित्र पंडुरोग व्हायचा. अंगातलं रक्त कमी व्हायचं, रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या, आणि कितीतरी जणी दगावायच्या. विल्स यांनी आधी जंतू शोधले. काही सापडलं नाही. मग त्यांनी कोणत्या घरात काय शिजतं याची नोंद घ्यायला सुरुवात केली. सगळ्यात जास्त आजार गरीब मुस्लिम बायकांत होता, आणि सगळ्यात निकस जेवणही त्यांचंच. दोष जातीचा-धर्माचा नव्हता, गरिबीचा होता.

पुढे हेच जेवण त्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिलं, नंतर माकडांवरही प्रयोग केले. कलेजीचा अर्क गुणकारी होता, पण महाग. स्वस्त काय मिळेल? इंग्लंडात पावाला लावून खातात तो मार्माइट नावाचा यीस्टचा काळा, खारट अर्क त्यांनी वापरून पाहिला. मग तोच आजारी बायकांना दिला आणि त्या उठून बसल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे छापून जाहीर केलं. अर्कात नेमकं काय आहे ते कळलं नव्हतं, म्हणून त्याला विल्स फॅक्टर म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं, त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. विल्स फॅक्टर तो हाच. १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झालं, तेही आपल्या आंध्रच्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूकडून.

विल्स यांनी लग्न केलं नाही. सायकल चालवायच्या, डोंगर चढायच्या. म्हातारपणी लंडनच्या चेल्सी भागात लेबर पक्षाच्या नगरसेविका होत्या. २६ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या. त्यांनी आईचं रक्त वाचवलं होतं. हेच द्रव्य बाळाचा मणकाही वाचवतं, हे सिद्ध झालेलं मात्र त्यांना बघायला मिळालं नाही. तो पक्का पुरावा १९९१ मध्ये ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासातून आला. आधी मणक्याचा किंवा मेंदूचा दोष असलेलं बाळ झालेल्या बायकांनी गरोदर राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तेव्हा तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं.

गरोदर राहण्याआधीपासून, हे शब्द नांदेड-लातूरच्या घरांत नीट ऐकले पाहिजेत. बाळाचा मणका आणि मेंदू ज्या नळीतून बनतात ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं. आपल्याकडे तर नजर लागेल म्हणून दोन-तीन महिने कुणाला सांगतही नाहीत, आणि मग दवाखाना. तेव्हा सुरू केलेली गोळी रक्तासाठी चांगलीच, पण मणक्यासाठी उशिराची. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड किमान एक महिना आधीपासून सुरू करायचं आणि तिसरा महिना संपेपर्यंत घ्यायचं. मंगनी झाली, निकाहची तारीख ठरली, की जहेजच्या याद्या करण्यापेक्षा अम्मीने मुलीला आशाताईकडे न्यावं. पालक, मेथी, डाळी, हरभरे खावेतच, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नये.

आधी असं बाळ झालं असेल किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील, तर डोस वेगळा लागू शकतो. तो डॉक्टरच ठरवतील. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत स्त्रीरोग विभाग आहे. पुढच्या बाळाचा विचार करण्याआधीच तिथे जाऊन या.