यात्रेतील सेवेकरी : श्रीगाडगेमहाराज

वऱ्हाडात पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. पौषात दर रविवारी तेथे यात्रा भरते. पूर्वी नदीचा उतार म्हणजे नुसता चिखल. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया घसरून पडत आणि तशाच अंगाने देवाला जात. हे साऱ्यांना दिसत होते. पण एक चिंध्या पांघरलेला माणूस यात्रेत स्नानाला न उतरता टोपले घेऊन माती टाकू लागला. लोक आधी हसले, मग हाताखाली आले. १९०८ साली तेथे पक्का घाट झाला. तो माणूस म्हणजे आपले गाडगेबाबा.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे परिटाच्या घरी झाला. नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर. बाप दारूपायी लवकर गेला. आई सखुबाईने मुलाला दापुऱ्यास मामाच्या घरी वाढविले. शाळा कसली, गुरे राखली, शेत नांगरले. १९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि फुटके गाडगे, त्यावरून लोकांनीच नाव ठेवले.

आता मंडळी, बाबांची रीत ऐका. गावात शिरायचे ते खराटा हाती घेऊनच. कोणाला बोलवायचे नाही, की का रे बसलास म्हणून विचारायचे नाही. गटार, पार, देवळापुढचे अंगण झाडीत सुटायचे. तासाभराने पाटलाचा पोरगा खराटा घेऊन यायचा, त्याच्या मागून दहाजण. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. भाकरी मिळायची ती गाडग्यात घ्यायची आणि त्या घरचे काही काम करून द्यायचे. बिदागी ठरवून उभे राहणाऱ्या आम्हां कीर्तनकारांना हे जरा झोंबतेच, झोंबू द्यावे.

आषाढी-कार्तिकीला बाबा पंढरीस येत. मंदिरात जात नसत. लाखोंची यात्रा, वाळवंटात घाण. त्यातून पटकी उठायची आणि वारकऱ्यांबरोबर गावोगाव पोचायची. बाबा ते वाळवंट झाडीत. धर्मशास्त्रात भूमिशुद्धीचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत संमार्जन, म्हणजे झाडणे, पहिले येते. पाठशाळेत आम्ही ते घोकले. अक्षरओळख नसलेल्या बाबांनी ते कोणत्या ग्रंथात पाहिले असेल?

पण केरापेक्षा मोठी गोष्ट निराळीच. चोखोबांचे अभंग सारे गात, आणि चोखोबांच्या जातीची माणसे वारीला आली तर निजायला छप्पर नाही! पावसात, वाळूवर पोरेबाळे घेऊन रात्र काढावी लागे. बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणाला लावले तेव्हा. बाबांचे छप्पर त्याआधीच तयार होते. पुढे १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आळंदी, देहू, नाशिक येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत तर इस्पितळात पडलेल्या रोग्यांच्या नातलगांसाठी झाली, कारण त्यांनाही फुटपाथवाचून जागा नव्हती.

एवढ्या इमारती उठल्या, पण बाबांची पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिली. लोकांच्या पैशातला घोटही घरच्यांना लागू नये, हा बाबांचा कडक नेम. संसारी माणसाला हे निष्ठुर वाटते, मलाही थोडे वाटते. मुलगा गोविंद वारल्याची वार्ता आली तेव्हा बाबा कीर्तनात होते, आणि कीर्तन थांबले नाही.

कोणाला शिष्य केले नाही, पाया पडू दिले नाही. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीस आहे.