कार्ल लँडस्टायनर: रक्ताचा ‘मॅच’ शोधणारा डॉक्टर

धाराशिवहून कुणी बायपाससाठी सोलापूर किंवा पुण्याला गेलं, की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतो: अमुक गटाचं रक्त हवंय. कोणतं रक्त आणि किती, हे डॉक्टरांना आधी कसं कळतं? ‘कोणतं’ याचं उत्तर लँडस्टायनर यांनी शोधलं.

१४ जून १८६८ रोजी त्यांचा ऑस्ट्रियात जन्म झाला. सहाव्या वर्षी वडील गेले. १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले, पण दवाखाना न थाटता रसायनशास्त्र शिकायला गेले. त्या काळी रक्त देणं म्हणजे जुगारच. कुणी वाचायचं, कुणी दगावायचं. कारण माहीत नव्हतं.

लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि लॅबमधल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं. एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या सीरममध्ये मिसळल्या. काही जोड्यांत पेशी एकमेकींना चिकटल्या, काहींत नाही. यावरून १९०१ मध्ये त्यांनी तीन गट मांडले: ए, बी आणि सी. हा सी म्हणजेच आजचा ओ. एबी पुढच्या वर्षी सापडला. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तरी काम थांबलं नाही. १९४० मध्ये वीनर यांच्यासोबत त्यांनी आरएच घटक जाहीर केला. आपलं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ते हेच.

जून १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या लॅबमध्ये काम करतानाच त्यांना हार्ट अटॅक आला आणि २६ तारखेला ते गेले. हार्ट-लंग मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन झालं १९५३ मध्ये.

त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ जगासमोर आणला. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्या माणसाला ओ रक्तही चालत नाही. म्हणूनच रक्त देण्याआधी क्रॉसमॅच करतात.

राहिलं ‘किती’. त्यासाठी आज स्कोअर आणि मशीन लर्निंग मॉडेल आहेत. वय, वजन, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, आधीचं हृदयाचं ऑपरेशन, इमर्जन्सी आहे का, अशा गोष्टींवरून ते अंदाज बांधतात. वजन का? बारीक माणसात मुळात रक्त कमी; मशीनमधल्या द्रवाने ते जास्त पातळ होतं.

अंदाजाचा फायदा वेळेत झाला तरच. ऑपरेशन ठरलेलं असेल, तर हिमोग्लोबिन किती आहे, ते आधी वाढवता येईल का आणि रक्त किती लागू शकतं, हे तारीख घेतानाच डॉक्टरांना विचारा. रक्तदात्यांची धावपळ आदल्या रात्रीवर ठेवू नका.

आणि १४ जून लक्षात ठेवा. लँडस्टायनर यांचा हा वाढदिवस जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.