विश्लेषण : वर्गात प्राध्यापक, कादंबरीतही प्राध्यापक! तळ्याचे वामन मल्हार जोशी मराठीला का हवे होते?

कादंबरीकाराने विद्यापीठात शिकवावे, ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे जगभर तशी केंद्रे निघाली. त्याच्या बरीच वर्षे आधी कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रायगडमधला एक कादंबरीकार पुण्याजवळ महिला विद्यापीठात शिकवत होता. त्याच्या वर्गात ज्या प्रश्नांना तोंड फुटले, तेच त्याच्या कादंबऱ्यांचे विषय झाले. वामन मल्हार जोशी यांच्या कारकीर्दीचा हा आढावा.

वामन मल्हार कोण होते?

जन्म २१ जानेवारी १८८२, गाव तळे. तळागडाच्या पायथ्याचे हे गाव आज तळा तालुक्याचे ठिकाण आहे. राजपुरी खाडीकाठची कुडा लेणी इथून जवळच. वामनरावांनी पुढे तत्त्वज्ञान हा विषय घेतला आणि १९०६ साली ते एम.ए. झाले. त्या काळी एम.ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीचा रस्ता मोकळा असे. त्यांनी तो सोडला आणि प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात उडी घेतली.

तुरुंगात का जावे लागले?

विजापूरकरांचे ‘विश्ववृत्त’ मासिक कोल्हापुरातून निघत असे. वामनराव त्याच्या कामात होते. १९०८ साली त्यात पं. सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांवरचा एक लेख छापला गेला आणि सरकारला त्यात राजद्रोह दिसला. विजापूरकरांबरोबर वामनरावांनाही तीन वर्षांची शिक्षा झाली. लेख दुसऱ्याचा, शिक्षा मात्र यांना. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. सुटल्यावर काही काळ त्यांनी ‘केसरी’त काम केले.

महिला विद्यापीठात काय वेगळे होते?

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. सुरुवात अवघ्या पाच विद्यार्थिनींनी झाली. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, हे त्याचे मुख्य सूत्र. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली. त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. आजचे एसएनडीटी ते हेच.

वामनराव इथे प्राध्यापक झाले, पुढे प्राचार्यही. त्यांची बहुतेक कारकीर्द याच संस्थेत गेली. ही निवड सोपी नव्हती. विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९५१ साली. तोवर इथल्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती. मुलींनी एवढे शिकून करायचे काय, हा प्रश्न समाज उघड विचारत होता. वर्गात येणाऱ्या मुलीला तो घरीही ऐकावा लागे.

वर्गाचा आणि कादंबरीचा संबंध कसा?

‘रागिणी’ ‘मासिक मनोरंजन’मधून आली आणि १९१५ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यात दोन स्त्रिया समोरासमोर आहेत. रागिणी पतिनिष्ठ, तर उत्तरा स्त्रियांच्या हक्कांसाठी वाद घालणारी. मराठी कादंबरीत बाई रडत होती, सोसत होती. इथे ती पुरुषांच्या बरोबरीने तत्त्वज्ञानावर बोलू लागली. हरि नारायण आपटे यांनी स्त्रीचे दुःख मांडले होते. वामनरावांनी तिची बुद्धी मांडली.

‘आश्रमहरिणी’ (१९१६) प्राचीन आश्रमाच्या वातावरणात पुनर्विवाहाचा प्रश्न विचारते. ‘सुशीलेचा देव’ (१९३०) मध्ये नायिकेची देवाची कल्पना आयुष्याबरोबर बदलत जाते. ‘इंदू काळे व सरला भोळे’ (१९३४) ही पत्रांतून उलगडणारी कादंबरी. कलेला नीतीचे बंधन असावे का, लग्न टिकवणे हेच स्त्रीचे कर्तव्य का, असे प्रश्न त्यात आहेत. पत्रांमुळे प्रत्येकाला आपली बाजू स्वतः मांडता येते. एकाच घटनेकडे दोघे कसे वेगळे पाहतात, ते वाचकाला आपसूक कळते.

याच काळात त्यांनी ‘नीतिशास्त्रप्रवेश’ लिहिले आणि सॉक्रेटिसाचे संवाद मराठीत आणले. उत्तर देण्याआधी प्रश्न नीट विचारायचा, ही सॉक्रेटिसाची रीत त्यांच्या पात्रांच्याही अंगवळणी पडलेली दिसते.

टीका कोणती झाली?

कथानक थांबते आणि चर्चा सुरू होते, हा मुख्य आक्षेप. पात्रे माणसांपेक्षा मतांसारखी वाटतात, असेही म्हटले गेले. आक्षेपात तथ्य आहे. ‘रागिणी’तील लांबलचक वादविवाद आजच्या वाचकाची परीक्षा पाहतात. दुसरा आक्षेप असा, की ते ठाम निकाल देत नाहीत. दोन्ही बाजू मांडून थांबतात.

पण हेच त्यांचे बळही ठरले. कला कलेसाठी की जीवनासाठी, या वादात ना. सी. फडके एका टोकाला आणि वि. स. खांडेकर दुसऱ्या टोकाला उभे होते. वामनराव दोघांच्या मधली अवघड जागा धरून राहिले. कलेचे स्वातंत्र्य त्यांना मान्य होते, पण त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे विचारणे त्यांनी सोडले नाही.

आज त्यांचे महत्त्व काय?

१९३० साली मडगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० जुलै १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या विद्यापीठासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याला कायद्याची मान्यता मिळालेली पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. मात्र शिकलेली बाई विचार करते, वाद घालते आणि स्वतःचे मत बदलतेही, हे त्यांच्या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाच्या पचनी पाडले. सरकारी शिक्का यायला १९५१ साल उजाडले. उत्तरा आणि सुशीला त्याआधी कित्येक वर्षे घरोघरी पोहोचल्या होत्या.