जोसेफ जकार्ड : मागाला हुकूम देणारा विणकर

आपल्या खानापूरपासून जवळच, बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातील विणकरांच्या बोलण्यात ‘जकार्ड’ हा शब्द इतका रुळला आहे की, ते एका माणसाचे नाव आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. यंत्रांच्या नियंत्रणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी तरी या माणसाची ओळख करून घ्यावी, असे मला वाटते.

जोसेफ मारी जकार्डचा जन्म 1752 साली फ्रान्समध्ये, रेशमासाठी प्रसिद्ध असलेल्या लिऑं शहरी, एका विणकराच्या घरी झाला. वडिलांची मिळकत हाती आली, ती कर्जात गेली. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत तो शहराच्या बचावासाठी लढला. पुढे त्याचा तरुण मुलगाही लढाईत मारला गेला.

त्या काळी नक्षीदार कापड विणताना विणकराबरोबर दुसरा माणूस, बहुधा एखादे पोर, लागे. प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे उचलायचे, त्यांच्या दोऱ्या ते ओढी. काम जिवावरचे, आणि एक दोरी चुकली की नक्षी बिघडलीच. बूशों, फाल्कों आणि वोकांसों यांनी छिद्रे पाडलेल्या कागदाचे व पुठ्ठ्यांचे उपाय पूर्वीच शोधले होते. तेव्हा जकार्डला आद्य संशोधक म्हणणे बरोबर नव्हे. त्याने या विखुरलेल्या कल्पना 1804 पर्यंत एका यंत्रात जुळवल्या. पुठ्ठ्याला छिद्र असेल तेथे सुई आत शिरते व तिचा धागा उचलला जातो. छिद्र नसेल तेथे धागा खालीच राहतो. एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. नक्षी बदलायची तर माग तोच, फक्त पुठ्ठ्यांची माळ बदलायची!

लिऑंच्या विणकरांना मात्र आपल्या पोटावर पाय येणार असे दिसले. त्यांनी कडवा विरोध केला. त्यांची भीती खोटी होती असे मला म्हणवत नाही. दोऱ्या ओढणाऱ्यांचे काम गेलेच. 1805 मध्ये सरकारने हे यंत्र सार्वजनिक ठरवले आणि जकार्डला निवृत्तिवेतन व यंत्रामागे ठराविक रक्कम दिली. पुढे ब्रतों नावाच्या कारागिराने पुठ्ठे सरकवण्याची यंत्रणा सुधारली, त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. जकार्ड 1834 साली वारला.

इंग्लंडातील बॅबेजने हेच पुठ्ठे आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतले. आज इलेक्ट्रॉनिक जकार्डवर पुठ्ठे नाहीत. नियंत्रक पेटीतील संगणक धागे उचलण्याचा हुकूम देतो. कचेरीतील संगणक पळभर अडला तर आपण कुरकुरतो, एवढेच. इथे धोटा निघण्यापूर्वी हुकूम पोचलाच पाहिजे. म्हणून अशा यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नुसत्या वेगापेक्षा वेळेच्या हमीला अधिक महत्त्व देतात.