विश्लेषण : पुण्याच्या हिरव्या स्फटिकाला नाव देणारे आयुई कोण होते?

पाषाणच्या खाणींत बेसॉल्ट फोडताना त्यातल्या पोकळ्यांतून काचेसारखे हिरवे स्फटिक निघाले. जगभरच्या संग्राहकांना ते ‘पूना’ या नावानेच ठाऊक आहेत. हे सिलिकेट खनिज म्हणजे अपोफिलाइट. गावाचे नावच पाषाण, पण स्फटिकाचे बारसे केले ते १८०६ मध्ये पॅरिसच्या एका धर्मगुरूने.

विणकराचा मुलगा...

रेने जुस्त आयुई यांचा जन्म १७४३ चा, उत्तर फ्रान्समधला. वडील विणकर, घरची गरिबी. गावच्या मठातील धर्मगुरूंनी मुलाची हुशारी हेरली आणि तो पॅरिसला शिकायला गेला. पुढे ते तिथेच शिक्षक झाले. आधी नाद वनस्पतींचा होता. दोबाँतों यांची व्याख्याने ऐकून ते खनिजांकडे वळले.

फुटलेल्या स्फटिकात काय दिसले?

एका परिचिताकडे कॅल्साइटचा स्फटिक पाहताना तो हातातून निसटून फुटला, असे सांगतात. स्फटिक षट्कोनी, पण तुकडे तिरप्या ठोकळ्यांसारखे. मग आयुई यांनी स्वतःच्या संग्रहातले वेगवेगळ्या आकारांचे कॅल्साइट फोडले (हे धाडस किती मोठे, ते संग्राहकालाच विचारावे). दरवेळी आत तोच ठोकळा! असे सूक्ष्म ठोकळे विटांसारखे रचले जातात आणि थर कमी होत गेले की उतरते पृष्ठभाग तयार होतात, हा सिद्धांत त्यांनी १७८४ मध्ये मांडला. स्फटिकशास्त्राचा पाया इथे घातला गेला.

तुरुंगात कशासाठी?

राज्यक्रांतीनंतर धर्मगुरूंवर सक्तीची केलेली शपथ त्यांनी नाकारली. १७९२ च्या ऑगस्टमध्ये अटक झाली. कोठडीतही त्यांनी आपले स्फटिक मागवून घेतले. एतिएन जोफ्रुआ सें-इलेर या तरुण शिष्याने धावपळ करून सुटकेचा हुकूम आणला, तर हे लगेच निघायला तयार होईनात! सप्टेंबर उजाडताच पॅरिसच्या तुरुंगांत कत्तल झाली. अनेक धर्मगुरू त्यात मारले गेले.

नावे कशी पडली?

१८०१ च्या ग्रंथात हिरव्या एपिडोटला त्यांनीच नाव दिले. काटकोनात फुटणाऱ्या फेल्डस्पारला ‘ऑर्थोज’ म्हटले. आजचे ऑर्थोक्लेज ते हेच. अपोफिलाइट तापवले की आतले पाणी जाऊन पापुद्रे सुटतात, म्हणून ग्रीकमधल्या ‘पान’ या शब्दावरून ते नाव. पुण्याच्या नमुन्यांचा हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो, हे १९७४ च्या संशोधनातून पुढे आले.

नेपोलियनच्या पतनानंतर आयुई यांचे निवृत्तिवेतन गेले. १८२२ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. हाउइन हे निळे सिलिकेट त्यांच्या नावाने ओळखले जाते. धाकटे भाऊ व्हालांतँ यांनी पॅरिसमध्ये अंधांसाठी शाळा काढली होती. लुई ब्रेल तिथेच शिकले.