फातिमा इस्माईल : पोलिओग्रस्त मुलांसाठी झटलेली आई

भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये आढळला. तरीही पालघर, बोईसर, डहाणू भागात मांडीवर हात दाबून चालणारी पन्नाशीपुढची माणसे आजही दिसतात. मांडीचा पुढचा स्नायू लुळा पडला की पाऊल टेकताना गुडघा आपोआप वाकतो. तो वाकू नये म्हणून हाताचा टेकू द्यावा लागतो. या माणसांच्या लहानपणी पोलिओवरच्या उपचारांची सोय मुंबईत होती, आणि त्यामागे फातिमा इस्माईल या बाईंचे कष्ट होते.

त्यांचा जन्म १९०३ चा. गांधीजींचे सहकारी, गिरणीमालक उमर सोबानी हे त्यांचे भाऊ. डॉक्टर होण्यासाठी त्या व्हिएन्नाला गेल्या होत्या, पण शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना घरात आसरा दिला.

स्वातंत्र्याच्या थोडे आधी त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तेव्हा लस नव्हती. ती आली १९५५ मध्ये. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. काही पेशी मरतात, काही फक्त दुबळ्या होतात. पायाला स्पर्श कळतो, पण पाय उचलता येत नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र उरलेल्या पेशींच्या जोरावर स्नायू पुन्हा कामाला लावता येतात. त्यासाठी रोज, महिनोन् महिने व्यायाम हवा आणि सांधे आखडू नयेत म्हणून आधारपट्ट्या हव्यात. असे उपचार देशात फार थोड्या ठिकाणी मिळत.

फातिमाबाई मुलीला घेऊन मद्रासला डॉ. एम. जी. किनी या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेल्या. तिथे काही महिने उपचार झाले आणि मुलगी सुधारली. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी कुणी नाव ठेवले नसते. पण मद्रासची वारी ज्यांना परवडणार नाही अशा आईबापांचे काय, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९४७ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. जागा अपुरी पडली, तेव्हा मरीन लाइन्सच्या लष्करी बराकी मिळवल्या. पुढे त्यांच्या संस्थेचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय हाजी अलीला उभे राहिले. संस्थेच्या इंग्रजी नावात ‘पंगू मुले’ या अर्थाचा शब्द होता. आज तो खटकतो. त्या काळी तो सरकारदरबारीही चालत असे.

१९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. अपंगांच्या हक्कांचा देशातला पहिला सर्वंकष कायदा त्यानंतर आठ वर्षांनी, १९९५ मध्ये झाला. त्यांच्या हयातीत उपचार, शिक्षण, नोकरी यांतले बरेचसे दानधर्मावर आणि ओळखीवर अवलंबून होते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून २१ केले. सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. यासाठी साधारणपणे किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. तारापूरच्या कारखान्यात यंत्रात हात गमावलेल्या कामगारालाही हाच कायदा लागू होतो. अशा कामगारांच्या घरचे लोक नुकसानभरपाईच्या मागे धावताना प्रमाणपत्राचे विसरतात, असे आम्ही अनेकदा पाहतो.

हाजी अलीलाच केंद्र सरकारची, १९५५ मध्ये सुरू झालेली पुनर्वसन संस्था आहे. कृत्रिम हातपाय, आधारपट्ट्या आणि व्यायामोपचार तिथे मिळतात. आपल्या भागातून जाताना महालक्ष्मी स्टेशन जवळचे. लहानपणी पोलिओ झालेल्यांना उतारवयात नव्याने अशक्तपणा, थकवा किंवा सांधेदुखी जाणवू लागली, तर तो वयाचा परिणाम म्हणून सोडू नका. पोलिओनंतर कित्येक वर्षांनी असा त्रास होऊ शकतो. त्यात स्नायूंना जास्त ताण देणारा व्यायाम उलट अपाय करतो, म्हणून तपासणीनंतरच व्यायाम ठरवावा.