योग्याची प्रयोगशाळा

देवळाली कॅम्पने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे, हे देवळालीकरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असेल. मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणीत महिनोन्महिने पडून असत. काम नाही, लढाई नाही. उकाडा आणि रिकामपण मात्र भरपूर. त्यात अनेकांचे चित्त थाऱ्यावर राहत नसे. अशा भ्रमिष्टाला मग 'डूलॅली टॅप' झाला असे म्हणत. 'डूलॅली' म्हणजे आपली देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपलाच ताप! आज देवळालीची हवा आरोग्यदायी म्हणून वाखाणली जाते आणि विश्रांतीसाठी लोक मुद्दाम येथे येतात, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

रिकामपण माणसाला स्वतःपासून तोडू शकते, तसेच ते त्याला स्वतःकडे वळवूही शकते. खानदेशातील एका प्राचार्याच्या वाट्याला असे रिकामपण १९२० साली आले. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागले.

गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोद्याजवळच्या डभोईचा. घरची गरिबी आणि लहान वयात आलेले पोरकेपण यांना तोंड देत त्यांनी शिक्षण घेतले. १९०३ मध्ये मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. बडोद्यात प्रा. माणिकराव यांच्या आखाड्यात शरीर घडले, तर राष्ट्रीय चळवळीच्या वाऱ्याने मन. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करावयाची, हा निश्चय तेव्हाचाच. १९१६ मध्ये अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. चार वर्षांनी सरकारी रोषामुळे ती संस्था बंद पडली. ज्या कार्यासाठी संसार नाकारला, तेच हातून गेले. वय सदतीस.

त्याच्या आदल्याच वर्षी नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी यांचे दर्शन त्यांना घडले होते. गुरूंनी योगाची अंतरंगे उलगडून दाखविली आणि साधनेत गुणे यांना विलक्षण अनुभव आले. दुसरा एखादा शिष्य तेथेच कृतार्थ होऊन थांबला असता. पण गुणे पडले बुद्धिवादी. आपल्याला आले ते खरे, की तो मनाचा खेळ, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. आत्मपरीक्षण यालाच म्हणावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मग त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांची तपासणी आरंभिली. योगी आतड्यात पाणी ओढून घेतात ते कसे? दाबमापकाने उत्तर दिले. नौलीत पोटाचे स्नायू वेगळे काढताच मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो आणि पाणी आपोआप आत खेचले जाते. कोणी पाहिला नव्हता असा हा चमत्कार निव्वळ भौतिकशास्त्राचा निघाला! या पोकळीला त्यांनी कृतज्ञतेने आपल्या गुरूंचे नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास 'कैवल्यधाम' उभे राहिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू झाले. सोयीचे तेवढेच सिद्ध करावयाचे, ही वृत्ती तेथे नव्हती. प्राणायामाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो, हा योगप्रेमींचा आवडता समज. कुवलयानंदांच्या मोजमापात तो टिकला नाही आणि त्यांनी तसे मोकळेपणाने लिहिले. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी अन्यत्र, मज्जासंस्थेवरील परिणामांत आणि मनाच्या स्थैर्यात शोधले. आजच्या योगाच्या बाजारात असा प्रामाणिकपणा किती जणांना परवडेल?

१९२७ मध्ये महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीबाबत पत्रांतून त्यांचा सल्ला घेतला. १९३० च्या दशकात मुंबईत चौपाटीनजीक आरोग्यकेंद्र निघाले. पुढे लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय आणि १९६१ साली रुग्णालयही झाले. दम्यासारख्या जुनाट व्याधींनी गांजलेले लोक तेथे येऊ लागले. अमळनेरचे प्राचार्यपद सुटले, तरी पिंड शिक्षकाचाच राहिला. आसने शिकविताना गूढतेचा आव नसे. अंगाला झेपेल तेवढेच करावे, असा त्यांचा आग्रह असे.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. 'योगमीमांसा' आजही लोणावळ्याहून प्रसिद्ध होते.